लाइन गेली की गुप्तहेर मागे का जातो? : ‘अल्फा प्रोटोकॉल’च्या मालकांना आणि निर्मात्यांना खुले पत्र

प्रति,
‘अल्फा प्रोटोकॉल’ हा खेळ आज ज्यांच्या हाती आहे ती मंडळी,
आणि असे गुप्तहेरीचे खेळ बनवायला बसलेली इतर सर्व मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मार्च २०२४ मध्ये ‘अल्फा प्रोटोकॉल’ जीओजी या खेळांच्या ऑनलाइन दुकानात पुन्हा विक्रीला आला. त्याआधी जून २०१९ मध्ये, गाण्यांच्या हक्कांची मुदत संपली म्हणून, तो स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून उतरवला गेला होता. परत आला तेव्हा तो नव्या विंडोजवर नीट चालत होता, आजचे कंट्रोलर ओळखत होता, गाणी जागच्या जागी होती, खेळ कुठवर आला त्याची नोंद, म्हणजे सेव्ह, क्लाउडवर ठेवायची सोय होती. एवढं सगळं झालं. पण २०१० साली ज्या खोडींनी खेळणाऱ्यांना सळो की पळो करून सोडलं होतं त्या तशाच राहिल्या. चौदा वर्षांनी एखादी वस्तू पुन्हा बाजारात आणायची आणि तिच्यातल्या जगजाहीर खोडींना हातही लावायचा नाही, हा निर्णय मला गप्प बसून गिळता येत नाही. म्हणून हे पत्र.

पत्र मराठीत आणि उघड लिहितोय, कारण ते फक्त तुमच्यासाठी नाही. आमच्याकडची खेड्यातली पोरं आता मोबाइलच्या पलीकडे जाऊन कॉम्प्युटरवर खेळतात, त्यातली एखाद-दोन खेळ बनवायलाही शिकतायत. तुम्ही नाही ऐकलं तर ती तरी ऐकतील.

माझं म्हणाल तर यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका गावात माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म, म्हाताऱ्या माणसांचे हयातीचे दाखले, असं दिवसभर चालतं. संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढलं की तोच कॉम्प्युटर माझा. नागपूरहून सेकंडहँड आणलेला आहे, ग्राफिक कार्ड जुनं. आजचे नवे खेळ त्यावर उघडतसुद्धा नाहीत. अनरियल इंजिन ३ या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरवर बनलेला हा २०१० चा खेळ मात्र कुरकुर न करता चालतो. शिवाय जीओजीवरून घेतलेला खेळ एकदा उतरवला की पेनड्राइव्हवर टाकून ठेवता येतो, दर वेळी चालू करताना इंटरनेटची परवानगी लागत नाही. जिथे दुपारी रेंज असते आणि रात्री नसते, तिथे ही केवढी मोठी गोष्ट आहे हे शहरात बसून कळायचं नाही. त्याबद्दल मनापासून आभार; उगाच सगळंच वाईट म्हणणाऱ्यांतला मी नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मायकल थॉर्टन हा अमेरिकेच्या एका अतिगुप्त संस्थेत नुकताच घेतलेला हेर. एक प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडलं जातं आणि त्यामागच्या अली शहीदला शोधायला मायकलला सौदी अरेबियात पाठवतात. तिथे त्याला कळतं, की क्षेपणास्त्रं हालबेक नावाच्या अमेरिकी शस्त्रकंपनीची आहेत, आणि स्वतःच्या संस्थेनेच आपल्याला वाऱ्यावर सोडलंय. मग हा एकटा माणूस रोम, मॉस्को आणि तैपेई या तीन शहरांत, आपण ठरवू त्या क्रमाने, धागा पकडत फिरतो. ऑब्सिडियन या कंपनीने बनवला, सेगा या कंपनीने बाजारात काढला. ऑक्टोबर २००९ मध्ये यायचा होता, तो येता येता मे-जून २०१० उजाडला. आणि त्याच वर्षी सेगाने सांगून टाकलं की याचा दुसरा भाग काढणार नाही.

आता चांगलं आधी सांगतो. वाईट खेळासाठी कोणी रात्री जागून पत्र लिहीत नाही.

या खेळातली खरी हेरगिरी बोलण्यात आहे. समोरचा माणूस बोलत असतानाच खाली एक पट्टी आटत जाते आणि ती संपायच्या आत तुम्ही कोणत्या सुरात उत्तर देणार ते ठरवायचं असतं : लाडीगोडीने, दमदाटीने, की कामापुरतं. एकदा निवडलं की निवडलं. मागे जाऊन ‘आता जरा गोड बोलून पाहू’ असं करता येत नाही. आणि गंमत अशी की सगळ्यांशी गोड बोलून चालत नाही. रोममधला कॉनराड मारबर्ग घ्या. शिस्तीचा, थंड डोक्याचा, जुना मुरलेला माणूस; त्याला फाजीलपणा अजिबात खपत नाही. दुसऱ्या खेळांत शत्रूला चिडवलं की तोटा. इथे त्याला पुरेसं डिवचून ठेवलं असेल, तर एरवी ज्या जागी तो हातावर तुरी देऊन निसटतो तिथे तो रागाच्या भरात लढायला थांबतो. कोणी तुमच्यावर खूश असेल त्याचा एक फायदा, कोणी नाराज असेल त्याचा दुसरा. ज्या माणसाला दिवसभर खिडकीतून वेगवेगळ्या स्वभावाच्या माणसांशी बोलावं लागतं त्याला हे लगेच पटतं.

माझे दोन पुतणे संध्याकाळी येऊन बसतात. मोबाइलवर त्यांचं धडाधड गोळ्या घालणं चालू असतं. पण मारबर्ग पडद्यावर आला की मोबाइल खाली ठेवतात. ‘काका, काहून थांबले? बोला ना लवकर, पट्टी संपून रायली!’ ज्यात एकही गोळी सुटत नाही असा प्रसंग पोट्टे श्वास रोखून पाहतात, हे मी दुसऱ्या कुठल्याच खेळात पाहिलेलं नाही. (बायकांच्या बाबतीत हा मायकल जरा जास्तच हेर आहे आणि पुतणे बसलेले असताना ते संवाद मला झरझर उरकावे लागतात. ही तक्रार नव्हे, माझी घरगुती अडचण.)

निर्णयांचं वजनही तसंच. अली शहीद हातात सापडला की त्याला मारा, पकडा किंवा सोडून द्या, आणि जे कराल ते पुढे तुमच्यासमोर येऊन उभं राहतं. रोमच्या संग्रहालयात एकीकडे मॅडिसन नावाची मुलगी आहे, दुसरीकडे बॉम्ब आणि त्यात अडकलेली माणसं. दोन्ही वाचवता येत नाहीत. मोहिमेवर निघण्याआधी काळ्या बाजारातून माहिती विकत घेता येते, कोणाला पैसे चारून ठेवता येतात. प्रत्येक माणसाची फाइल हळूहळू भरत जाते आणि ती भरलेली असेल तर त्याच्याशी बोलताना तुमच्या तोंडी एक जास्तीचं वाक्य येतं. ईमेलला दिलेल्या उत्तरानेसुद्धा माणसं जवळ येतात किंवा दुरावतात. इतकं बारकाईने काम करणाऱ्यांना पुढची दारं बंद झाली याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि तो एक आकडा. किती जणांना मारलं, किती जणांना नुसतं आडवं केलं, याच्या हिशेबात तुमच्यामुळे किती मुलं अनाथ झाली हेही हा खेळ मोजून ठेवतो. लिहिणाऱ्याने तो बहुधा कडवट थट्टेत घातला असेल. आमच्या जिल्ह्यात तो थट्टेने वाचता येत नाही. ज्यांचा बाप गेला त्या घरांचे अर्ज माझ्याच खिडकीत भरले जातात. तो आकडा पाहिल्यापासून मी मायकलच्या पिस्तुलात बेशुद्ध करणाऱ्या सुया घालायला लागलो, मागून जाऊन माणसाला न मारता खाली निजवायला शिकलो, आणि गुण मिळतील ते लपण्याच्या कौशल्यावर लावत गेलो. म्हणजे खेळानेच मला या वाटेला लावलं. पुढच्या तक्रारी या वाटेवरच्या आहेत.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार : खेळ हवा तिथे जतन करता येत नाही.

मोहिमेच्या मध्ये खेळ स्वतःच्या मर्जीने, ठरलेल्या जागी, चेकपॉइंट धरतो, म्हणजे तिथवरची नोंद स्वतःच ठेवतो. त्याच्या मधे तुम्ही कितीही सांभाळून पुढे आलेले असा, बंद केलं की मागच्या चेकपॉइंटला. ज्यांच्याकडे वीज चोवीस तास असते त्यांना यात काही वाटणार नाही. आमच्याकडे हरभऱ्याच्या दिवसांत रात्री ओलिताच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज असं पडतं की ट्यूबलाइट नुसती फडफडते, आणि मग कधीतरी लाइनच जाते.

मॉस्कोत अमेरिकेच्या वकिलातीत शिरायची एक मोहीम आहे. पहारेकरी मायकलच्याच देशाचे सैनिक, त्यांना मारणं शोभत नाही, म्हणून एकेकाला हेरून, पाठ फिरवेपर्यंत थांबून, गुपचूप खाली निजवायचं. वेळ खाणारं काम आहे आणि त्यातच मजा आहे. मी अर्ध्या वाटेवर होतो. यूपीएस ओरडायला लागला. बॅटरी म्हातारी झालेली, दोन-चार मिनिटं तग धरते. तेवढ्या वेळात अर्धवट भरलेला फॉर्म सबमिट करून पावती काढता येते, हा रोजचा अनुभव. पण इथे ती मिनिटं हातात असून उपयोग नाही, कारण ‘जतन करा’ म्हणायला जागाच नाही. मग एकच उपाय उरतो : लपणं सोडायचं आणि पुढच्या चेकपॉइंटच्या आशेने पळत सुटायचं. इतका वेळ कोणाच्या केसालाही धक्का न लावता आलेला हेर यूपीएसच्या भीतीने कॉरिडॉरमधून धावतोय, भोंगे वाजतायत, सैनिक गोळ्या झाडतायत, धाकटा पुतण्या ‘काका, डावीकडे, डावीकडे!’ म्हणून ओरडतोय, आणि पडदा काळा.

तुमची बाजू मला ठाऊक आहे. हवं तिथे जतन करता आलं तर माणूस प्रत्येक संवादाआधी जतन करेल, उत्तर आवडलं नाही की मागे जाईल, आणि निर्णयांचं सगळं वजन निघून जाईल. बरोबर आहे. मलाही ते वजन जायला नको आहे. पण यावर तोड फार जुनी आहे. १९८७ च्या ‘नेटहॅक’ या खेळापासून चालत आलेली पद्धत पाहा : खेळ जतन करून बाहेर पडता येतं, पण परत सुरू केला की ती नोंद पुसली जाते. म्हणजे थांबता येतं, मागे जाऊन निर्णय फिरवता येत नाही. मागणी अगदी एवढीच आहे : ‘जतन करून बाहेर पडा’ असं एक बटन, एकदाच वापरता येणाऱ्या नोंदीचं. तुमच्या तत्त्वाला धक्का नाही, आमची रात्र वाया जात नाही.

दुसरी तक्रार त्या पट्टीची, जिचं मी वर एवढं कौतुक केलं.

तो ताण हवाच. तो काढून टाका असं मी म्हणत नाही. पण ती पट्टी इंग्रजी ज्याची मायबोली त्याच्या वेगाने आटते. मी मराठी शाळेत शिकलो. इंग्रजी वाचतो, समजतं, पण पडद्यावरच्या ओळीचा अर्थ डोक्यात उतरायला क्षणभर लागतो. आणि त्या क्षणात समोरचा रशियन उच्चारात पुढची दोन वाक्यं बोलून मोकळा झालेला असतो. वर अक्षरं बारीक. पुतण्यांना सांगायचं तर आधी वाचायचं, मग मराठीत सांगायचं, मग त्यांचं मत घ्यायचं, मग निवडायचं. तोवर खेळाने स्वतःच एक उत्तर उचललेलं असतं. ज्यांना ऐकू कमी येतं, ज्यांची वाचायची गती कमी आहे, त्यांची तऱ्हा याहून वेगळी नसेल.

त्यात पर्याय लिहिलेला असतो एका-दोन शब्दांत, आणि मायकल प्रत्यक्षात काय करणार याचा अंदाज येत नाही. मॉस्कोच्या बारमध्ये ग्रिगोरी नावाचा खबऱ्या भेटतो. त्याला जरा दटावावं म्हणून दमदाटीचा पर्याय घ्यावा, तर हा गडी थेट त्याच्या डोक्यात बाटली घालतो. मोठा पुतण्या म्हणाला, ‘तुम्हीच म्हटलं होतं ना काका, प्रेमानं विचारू?’ काय सांगू त्याला?

पट्टीचा वेग कमी-जास्त करायची सोय द्या : आहे तेवढा, दीडपट वेळ, दुप्पट वेळ. ज्याला मूळ ताण हवा तो मूळ वेगावर खेळेल. अक्षरं मोठी करायची सोय द्या. आणि संवादांच्या फाइली अशा रीतीने मोकळ्या करा की हौशी माणसांना आपल्या भाषेतल्या ओळी त्यात बसवता येतील. मराठी आवाज मागत नाही, त्याला खर्च लागतो. खालच्या ओळी मराठीत आम्ही घालू, पैसे न घेता. या खेळात बोलणं हाच जीव आहे, आणि तोच भाग आमच्या गावातल्या दहावीच्या पोराला कळत नाही.

तिसरी तक्रार ब्राय्कोची. ज्यांनी खेळलाय त्यांना नाव पुरेसं आहे.

कॉन्स्टंटिन ब्राय्को हा मॉस्कोतला गुंड, ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन गाण्यांचं वेड असलेला. पात्र म्हणून झकास. पण त्याच्या बंगल्यात गाठ पडली की रंगीत दिव्यांच्या स्टेजपाशी समोरासमोर लढावंच लागतं. तो कोकेन ओढतो, सुरा काढतो आणि अंगावर धावून येतो, आणि तेवढा वेळ त्याला गोळी लागत नाही. ज्याने पिस्तुलाच्या कौशल्यावर गुण लावलेत तो काळ थांबवल्यासारखं करून एकामागून एक नेमके बार घालतो आणि मोकळा होतो. ज्याने लपण्यावर आणि कुलपं उघडण्यावर लावलेत तो खांबामागे पळत फिरतो. आधीपासून तयारी केली तर ही लढत थोडी सोपी होते, टळत मात्र नाही. जिंकल्यावर त्याला मारायचं की सोडायचं हे विचारायला खेळ विसरत नाही. जिंकायचं कसं, हे विचारायला मात्र विसरतो. तासन्‌तास ‘तू तुझ्या पद्धतीने खेळ’ म्हणायचं आणि ऐन वेळी एकच पद्धत समोर ठेवायची, याला आमच्याकडे दगाबाजी म्हणतात.

हे सुधारता येतं का? येतं. २०११ च्या ‘डेयस एक्स : ह्यूमन रिव्होल्यूशन’मध्ये नेमकी हीच खोड होती. लपून खेळणाऱ्याला मोठ्या शत्रूंसमोर उघड्यावर उभं केलं होतं आणि लोकांनी त्यावरून फार बोल लावला होता. २०१३ मध्ये सुधारित आवृत्ती काढताना त्यांनी त्या लढती नव्याने घडवल्या : यंत्रणा हॅक करा, सापळे वापरा, आजूबाजूने जा. दोन वर्षांत त्यांनी केलं. म्हणून माझी मागणी अशी, की प्रत्येक मोठ्या लढतीत निदान एक वाट अशी असू द्या जी लपणाऱ्यासाठी किंवा बोलणाऱ्यासाठी आहे. जुन्या खेळात आता जमणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा, आणि पुढच्या खेळात करा.

चौथी तक्रार पहारेकऱ्यांची.

आमच्याकडे पीक उभं असलं की रात्री शेतात जागल असते. रानडुकरं आणि रोही येतात. जागलीला बसलेल्या माणसाला लपणं म्हणजे काय ते कोणी शिकवावं लागत नाही. डुकराला माणूस दिसायच्या आधी त्याचा वास येतो. वारा कुठून आहे ते पाहून बसावं लागतं. पऱ्हाटीत पाय पडला तर आवाज वेगळा, मोकळ्या धुऱ्यावर वेगळा. जनावर एकदा बिचकलं की सगळा कळप बिचकतो आणि बराच वेळ परत येत नाही. लपण्याच्या खेळात मला हा हिशेब हवा असतो : मी काय केलं म्हणून मी सापडलो, आणि काय केलं म्हणून वाचलो. तुमचा पहारेकरी कधी लांबून, अर्ध्या भिंतीआडून हेरतो, आणि कधी त्याच्या जोडीदाराला तीन पावलांवर आडवं केलं तरी मान वळवत नाही. आडवं केलेला माणूस ओढून अंधारात ठेवता येत नाही. पुढे कौशल्य वाढलं की भिंतीपलीकडचे शत्रू दिसायला लागतात, आणि सगळ्यात वरचं कौशल्य मिळालं की काही क्षण मायकल चक्क दिसेनासा होतो. पहारेकऱ्याच्या नाकासमोरून चालत जा. सुरुवातीला मजा वाटते. नंतर लक्षात येतं, की पहारेकरी नीट घडवता आला नाही म्हणून हेराला अदृश्य केलंय. सुरुवातीचा हेर फार दुबळा आणि शेवटचा भुताटकी. मधला, डोकं वापरून लपणारा माणूस फारच थोडा वेळ भेटतो. तरी मला तोच आवडतो.

कुलपं आणि कॉम्प्युटर फोडण्याच्या छोट्या खेळांबद्दल जास्त लिहीत नाही, डोकं दुखतं. सरकणाऱ्या अक्षरांच्या जाळीत न हलणारे दोन संकेत शोधून त्यावर आपले ठोकळे नेऊन बसवायचे, तेही घड्याळ लावून. कंट्रोलरसाठी बनवलेली गोष्ट माउसवर आणून ठेवलीय, आणि माउस आपण म्हणतो तिकडे जात नाही. विद्युतचुंबकीय झटक्याने यंत्रणा बंद पाडणारं यंत्र वापरून ते टाळता येतं, म्हणून मी ती यंत्रं पोत्याने विकत घेतो. खेळातला पैसा शस्त्रांवर कमी आणि या कटकटीतून सुटण्यावर जास्त जातो, यावरूनच काय ते समजा.

शेवटची तक्रार खेळाची नाही, व्यवहाराची आहे.

गाण्याच्या हक्कांची मुदत संपली म्हणून अख्खा खेळ विक्रीतून काढायचा, हे मला कितीही विचार केला तरी पटत नाही. ज्यांनी आधी घेतला होता त्यांच्याकडे तो राहिला, हे मान्य. पण ज्याला त्या वर्षांत पहिल्यांदा कॉम्प्युटर मिळाला त्याने काय करायचं होतं? चोरीची प्रत उतरवायची? आमच्या तालुक्याच्या ठिकाणी कोणी तसलं काही पेनड्राइव्हवर आणून दिलं तर पोरं दोनदा विचार करत नाहीत. मी त्यांना सांगत असतो की जरा थांबा, पैसे साठवा, विकत घ्या. दुकानात वस्तूच नसेल तर हे कोणत्या तोंडाने सांगायचं? गाण्याचा करार मुदतीचा असणार हे करार करतानाच ठाऊक असतं. मग त्याच वेळी ठरवून ठेवा : मुदत वाढली नाही तर त्या जागी दुसरं संगीत बसेल, खेळ विक्रीतच राहील. आणि आताचा करार किती वर्षांचा आहे ते जाहीर करा. पुन्हा एखाद्या दिवशी दुकान उघडावं आणि खेळ गायब, असं व्हायला नको. निदान आधी काही महिने सूचना द्या.

दुसरा भाग काढा, अशी मागणी करायला मन खूप होतं. पण जो निर्णय २०१० मध्ये झाला तो माझ्या पत्राने फिरणार नाही, हे मला समजतं. त्याऐवजी एवढं करा : बदल करायची साधनं खेळणाऱ्यांच्या हातात द्या. जतन करण्याचं बटन, पट्टीचा वेग, मराठी ओळी, यातलं पुष्कळसं जगभरची हौशी माणसं स्वतःच करतील. तुम्हाला फक्त कुलूप काढायचं आहे, आणि ते काम माउसने नका करायला लावू.

उत्तर इंग्रजीत दिलं तरी चालेल, मी सावकाश वाचून गावातल्या बाकीच्यांना सांगेन.

आपला,
एक खेळणारा आणि सेवा केंद्र चालवणारा,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ